तीच टेस्ट, तोच दिवस, तेच डिनायल: ९१ लावूनही क्लेम परत येतो तेव्हा

सोमवारी शिफ्टला बसलं की वर्कलिस्टमध्ये सगळ्यात वर ८४४८४ बसलेला असतो. ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयासाठीच्या एका रक्ततपासणीचा, बिलिंग कोड. डिनायल सीओ-१८, म्हणजे इन्शुरन्सने हूबेहूब डुप्लिकेट म्हणून नाकारलेला. नोट्स उघडाव्यात तर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत एकच वाक्य लिहून ठेवलेलं: 'मॉडिफायर ९१ लावून रीसबमिट केला.' मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची छोटी खूण, आणि ९१ म्हणजे 'हीच लॅब टेस्ट त्याच दिवशी पुन्हा केली'. चौथ्यांदा तेच लिहायची पाळी आपली.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे बसून अमेरिकेतल्या लॅबचं बिलिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी टाइप केलं असणार. मी एआर कॉलिंगमध्ये, म्हणजे अडकलेल्या बिलांसाठी इन्शुरन्स कंपन्यांना फोन करण्याच्या कामात, होते तेव्हा तर ते मी कॉपी-पेस्टच करायचे. कोडिंगला आल्यावर, सीपीसी ही कोडिंगची परीक्षा पास झाल्यावर, टीममधला एक नवा मुलगा येऊन म्हणाला, "ताई, ९१ तर लावलेलाच आहे, तरी डुप्लिकेट का म्हणतायत?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की नीट उत्तर आपल्याकडेही नाही. मग आम्ही दोन आठवडे त्याच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते आहे.

एका वाक्यात सांगायचं तर घोळ बहुतेक वेळा मॉडिफायरचा नसतो. रक्त किती वाजता काढलं हे कोणी बघितलेलं नसतं.

पेअरच्या, म्हणजे पैसे देणाऱ्या इन्शुरन्सच्या, कॉम्प्युटरला आपल्या क्लेममधून काय दिसतं बघा. पेशंट तोच, कोड तोच, तारीख तीच, प्रोव्हायडर तोच. क्लेमच्या सीएमएस-१५०० फॉर्मवर लॅबच्या लाइनला तारखेसाठी जागा आहे, घड्याळातल्या वेळेसाठी नाही. दुपारी दोनला काढलेलं रक्त आणि संध्याकाळी पाचला काढलेलं रक्त त्याला सारखंच दिसतं. ती दोन वेगळी होती हे सांगायची एकच खिडकी म्हणजे मॉडिफायर. म्हणून ९१ लावणं म्हणजे एक विधान करणं आहे: 'त्याच दिवशी, उपचाराच्या ओघात, डॉक्टरला पुन्हा नवा आकडा हवा होता म्हणून ही टेस्ट पुन्हा केली.' हे विधान खरं आहे का, हे वेळ बघितल्याशिवाय कळत नाही. आपण मात्र ते डोळे मिटून करतो.

छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आलेला माणूस घ्या. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही, काही तासांत चढत जातं. त्यामुळे आल्याआल्या एक नमुना आणि काही तासांनी दुसरा, कधी तिसराही. डॉक्टरला एक आकडा नको असतो, चढ-उतार हवा असतो. हा ९१ चा अगदी पुस्तकी उपयोग. डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये पोटॅशियम (८४१३२) दिवसातून अनेकदा बघतात, पोटात रक्तस्राव होत असेल तर हिमोग्लोबिन (८५०१८) बघतात, सेप्सिसमध्ये लॅक्टेट (८३६०५). सगळीकडे कारण एकच: मधल्या वेळात पेशंटच्या शरीरात काहीतरी बदललं असेल, ते बघायचंय.

आता उलटी बाजू. नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे नळीत लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आल्यामुळे आकडा खोटाच वर गेला. लॅबने फोन केला, नर्सने पुन्हा रक्त काढलं. टेस्ट दोनदा झाली, पण ९१ लागत नाही. मशीनने एरर दिली म्हणून पुन्हा चालवली, नाही लागत. पहिला आकडा विचित्र आला म्हणून खात्री करायला तोच नमुना परत लावला, तरी नाही. सीपीटीच्या, म्हणजे या कोडांच्या अधिकृत यादीच्या, व्याख्येतच हे लिहिलेलं आहे. आमच्या टीममधल्या मुलांना मी असं सांगते: दूध नासलं म्हणून तुम्ही दुसरी पिशवी आणलीत, तर पाहुण्याकडून दोन चहांचे पैसे घ्याल का? आणि ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसारख्या ठिकाणी मुळात कोडमध्येच अनेक नमुने धरलेले आहेत. ८२९५१ मध्ये तीन नमुने येतात, पुढच्या प्रत्येकाला ८२९५२ आहे. तिथे ८२९४७ तीनदा टाकून दोघांना ९१ लावणारे लोक मी बघितलेत. क्वालिटी ऑडिटमध्ये ते शंभर टक्के पकडले जातात, म्हणून नाव घेत नाही.

तर पहिलं काम म्हणजे क्लेम बाजूला ठेवा आणि लॅबचा रिपोर्ट उघडा. त्यात साधारण चार वेळा असतात: ऑर्डर कधी दिली, नमुना कधी घेतला, लॅबला कधी पोचला, निकाल कधी लागला. आपल्याला दुसरी हवी, कलेक्शन टाइम. मेडिकेअरच्या (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) नियमाने लॅब टेस्टची डेट ऑफ सर्व्हिस म्हणजे साधारणपणे नमुना घेतल्याची तारीख. कलेक्शनच दोन तारखांत पसरलं असेल तर ते संपलं ती तारीख. निकालाची नाही, ऑर्डरची नाही, पेशंट दाखल झाला त्या दिवसाची तर नाहीच. दोन्ही नमुन्यांचा ॲक्सेशन नंबर (लॅबने नमुन्याला दिलेला क्रमांक) वेगळा आहे का तेही बघा. नंबर एकच असेल तर बहुधा तोच नमुना पुन्हा चालवलाय आणि तुमचा शोध तिथेच संपला.

आमच्या ढिगात इथेच पहिली गंमत सापडली. टेक्सासमधला पेशंट, पहिलं ट्रोपोनिन रात्री ११:४० ला, दुसरं पहाटे २:५० ला. मध्ये मध्यरात्र गेली! दोन तारखा, दोन दिवस, ९१ चा प्रश्नच नाही. पण चार्ज पोस्ट करताना सिस्टीमने दोन्हींना इमर्जन्सीत आल्याची तारीख चिकटवली होती. पेअरने डुप्लिकेट म्हटलं, आपण ९१ लावला. काही पेअरनी ते भरूनही टाकलं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं उत्तर बरोबर होतं. ते बरोबर नव्हतं. चुकीच्या तारखेवर चुकीचा मॉडिफायर लावून बरोबर पैसे आले होते, आणि अशाने चूक कायमची मुक्कामाला येते. इथे उपाय एकच, दुसऱ्या लाइनची तारीख दुरुस्त करायची आणि मॉडिफायर काढायचा.

(नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे १:१० त्या रात्री दोनदा वाजतो. दुसऱ्या नमुन्याची वेळ पहिल्याच्या आधीची दिसतेय म्हणून एकदा आम्ही क्लायंटला मोठ्या तोऱ्यात 'डेटा चुकलाय' असं कळवलं होतं. त्याचं उत्तर फार सौजन्याने आलं, तेच जास्त लागलं.)

वेळ आणि कारण दोन्ही हातात आली की मॉडिफायर आपोआप ठरतो. तरी काही सवयी मोडाव्या लागतात. रेडिओलॉजी किंवा ईसीजीवरून आलेली मंडळी लॅबला ७६ लावतात, कारण 'रिपीट' म्हटलं की त्यांच्या बोटांना ७६ माहीत. त्याच दिवशी दुसरा ईसीजी काढला तर ७६ ठीक आहे. तो आणि ७७ हे प्रोसिजरसाठी आहेत, लॅब टेस्टसाठी ९१. दुसरी सवय ५९ ची, म्हणजे 'ही सेवा वेगळी होती' असं सांगणाऱ्या मॉडिफायरची. ५९ म्हणजे मास्टर की आहे असा आपल्याकडे एक समज आहे. एडिट, म्हणजे क्लेम अडवणारा सिस्टीमचा नियम, लागली की ५९. मायक्रोबायोलॉजीत मात्र त्याला खरोखर जागा आहे. तापाच्या पेशंटच्या दोन हातांतून एकाच वेळी ब्लड कल्चर (८७०४०) घेतात, दोन जखमांचे दोन स्वॅब (८७०७०) घेतात. ही पुनरावृत्ती नाही, जागा वेगळ्या आहेत. वेगळ्या जागा किंवा वेगळे नमुने असतील तर ५९, त्याच दिवशी पुन्हा टेस्ट असेल तर ९१, असं सीपीटीच्या मायक्रोबायोलॉजी विभागात स्पष्ट सांगितलं आहे. २०१५ पासून एक्सई, एक्सएस वगैरे चार भावंडंही आली आहेत आणि काही पेअरना ५९ ऐवजी तीच आवडतात. त्यामुळे पेअरचं पॉलिसीचं पान उघडून बघण्याला पर्याय नाही.

पॅनलमध्ये, म्हणजे एकाच कोडखाली अनेक टेस्ट असतात तिथे, लोक हमखास घसरतात. सकाळी सीएमपी म्हणजे ८००५३ झालं, त्यात पोटॅशियम आलंच. ते कमी निघालं, सलाइनमधून पोटॅशियम दिलं, संध्याकाळी फक्त पोटॅशियम पुन्हा बघितलं. क्लेमवर ८००५३ आणि ८४१३२. हे डुप्लिकेट म्हणून नाही, पॅनलमध्ये समाविष्ट आहे म्हणून अडतं, कोड दिसतो सीओ-९७. इथे ८४१३२ ला ९१ लावणं योग्य आहे, कारण उपचारानंतरचा नवा आकडा हवा होता. पण संध्याकाळची टेस्ट म्हणजे सकाळच्याच नळीवर लॅबने पुन्हा केलेली खात्री असेल, तर परत चहाचा न्याय.

लाइन कशी मांडायची यावर आमच्याकडे कॅबमध्ये वाद झालेत, कात्रजपासून हिंजवडीपर्यंत पुरलेत. तीन ट्रोपोनिन असतील तर पहिली लाइन कोरी, युनिट एक. पुढच्या दोन ९१ सह. काही पेअर त्या एका लाइनवर युनिट दोन म्हणून घेतात, काहींना वेगवेगळ्या लाइन हव्या असतात. तिन्हींना ९१ लावला तर पहिली कशाची पुनरावृत्ती? आणि मॉडिफायरशिवाय एका लाइनवर युनिट तीन टाकलं तर एमयूईच्या तोंडी जाण्याची शक्यता. २००७ पासून मेडिकेअरने प्रत्येक कोडला एका दिवसात किती युनिट शक्य वाटतात याची मर्यादा घातली आहे, ती एमयूई. आकडा बघताना शेजारचा एमएआय कॉलमही बघा, कारण पुढे काय करता येईल ते तिथे लिहिलेलं असतं. १ असेल तर मर्यादा लाइनला आहे, योग्य मॉडिफायर लावून वेगळ्या लाइनवर युनिट जाऊ शकतात. ३ असेल तर मर्यादा पूर्ण दिवसाची, ती ओलांडायची तर मेडिकल रेकॉर्ड लावून अपील. २ असेल तर हात जोडा, तिथे अपिलानेही काही होत नाही. तक्ता दर तिमाहीला बदलतो. जुनी एक्सेल डेस्कटॉपवर ठेवून वर्षभर तिच्यावर काम करणारे आमच्याच रांगेत होते, मीही त्यांच्यातली.

आता चक्र का थांबत नाही त्याकडे येते, कारण कोड बरोबर असूनही क्लेम परत येतो तो इथे.

पहिल्या वेळी क्लेम गेला: ट्रोपोनिनच्या दोन लाइन, दोन्ही कोऱ्या. पहिलीचे पैसे आले, दुसरी सीओ-१८. कोणीतरी दुसरीला ९१ लावला आणि पूर्ण क्लेम नवीन म्हणून पाठवला. आता पहिल्या लाइनचे पैसे आधीच आलेत, म्हणून ती सीओ-१८ मध्ये येणारच. कधी दुसरीही येते, कारण सिस्टीमला दोन्ही लाइन आधी मिळालेल्या क्लेमशी जुळताना दिसतात. वर्कलिस्टला लाइन कळत नाही, तिला डिनायल कोड कळतो. ती क्लेम पुन्हा वर आणते. पुढचा माणूस ईआरए (पेअरने कोणत्या लाइनचं काय केलं त्याचा हिशोब) न उघडता नोट वाचतो, '९१ लावून रीसबमिट' करतो. झालं. त्या डिनायलला आपणच जन्म दिलेला असतो आणि आपणच त्याच्या मागे धावतो.

म्हणून ईआरए उघडा आणि कोणती लाइन, किती तारखेच्या निर्णयात अडली ते बघा. मग दुरुस्ती नवा क्लेम म्हणून पाठवू नका. बहुतेक कमर्शियल पेअरकडे रिप्लेसमेंट क्लेम जातो, म्हणजे फ्रीक्वेन्सी कोड ७ आणि सोबत पेअरचा मूळ क्लेम नंबर. तो नंबर विसरलात तर ७ चा काही उपयोग नाही. हॉस्पिटलच्या यूबी-०४ फॉर्मवर बिल टाइपचा शेवटचा आकडा ७ होतो. मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टर आणि आउटपेशंट सेवांचा भाग) मात्र हा ७ घेत नाही. तिथे मॉडिफायर राहिला ही कारकुनी चूक धरून रीओपनिंग मागायचं, अनेक ठिकाणी ते पोर्टलवरून किंवा फोनवर होतं. आमच्या टीममध्ये पार्ट बीच्या क्लेमना महिनोन्महिने ७ लावला जात होता आणि ते क्लेम प्रोसेस न होताच परत येत होते. कोणीही चिडून विचारलं नाही की हे प्रत्येक वेळी का येतं. टच, म्हणजे किती क्लेमना हात लावला, ते मोजले जातात ना, क्लेम सुटला का ते नंतर.

काही डिनायल याच कुटुंबातले वाटतात, पण नसतात. त्यांच्यात वेळ घालवू नका. एचबीए१सी (८३०३६) दोन महिन्यांत दुसऱ्यांदा केली आणि सीओ-१५१ आलं, तर तो वारंवारितेचा प्रश्न आहे. साखर आटोक्यात असलेल्या पेशंटला मेडिकेअर साधारण तीन महिन्यांतून एकदा मान्य करतं. ९१ फक्त एकाच दिवसाचा असतो, इथे तो काही बोलत नाही. लवकर करायला वैद्यकीय कारण असेल तर ते निदानाच्या कोडमधून आणि रेकॉर्डमधून दिसलं पाहिजे. पेशंटकडून आधी एबीएन, म्हणजे 'मेडिकेअरने नाकारलं तर खर्च तुमचा' अशी सूचना, सही करून घेतली असेल तर मॉडिफायर जीए. हॉस्पिटलच्या आउटपेशंट क्लेमवर मेडिकेअर लॅबचे पैसे वेगळे देत नसेल तर घाबरू नका, २०१४ पासून बहुतेक लॅब टेस्ट तिथे मुख्य सेवेच्या पॅकेजमध्येच जातात.

आता आमच्या दोन आठवड्यांचं काय झालं ते.

टीम लीडला मी सांगितलं की चाळीस क्लेम द्या, रीसबमिट करणार नाही, फक्त वाचणार. तो म्हणाला, "प्रॉडक्शनचं काय?" शेवटी शनिवारी करायची परवानगी मिळाली, पोहे कंपनीचे. एक्सेलमध्ये प्रत्येक लाइनसमोर कलेक्शनची वेळ, ॲक्सेशन नंबर आणि पुन्हा का केली ते लिहिलं. तीन ढीग पडले. पहिला खऱ्या पुनरावृत्तीचा. दुसरा मध्यरात्र ओलांडलेल्यांचा. तिसरा हिमोलाइज झालेल्या, रद्द केलेल्या नमुन्यांचा, आणि तो आमच्या अंदाजापेक्षा बराच जाड निघाला. लॅबने नमुना रद्द केला होता, पण लॅब आणि बिलिंगच्या सिस्टीमना जोडणाऱ्या इंटरफेसमधून आधी गेलेला चार्ज परत घेतला जात नव्हता. म्हणजे ज्या डुप्लिकेटसाठी आम्ही पेअरशी फोनवर अर्धा-अर्धा तास होल्डवर बसून भांडत होतो, ती खरोखर डुप्लिकेट होती. पेअर बरोबर होता. एआर कॉलरच्या तोंडून हे वाक्य निघायला किती जड जातं ते त्यालाच माहीत.

आणि त्यातल्या काहींना ९१ लावून आम्ही पैसे मिळवलेही होते. ते परत करावे लागले. मेडिकेअरचे जास्तीचे पैसे लक्षात आल्यावर परत करायला साधारण ६० दिवसांची मुदत असते, आणि जाणूनबुजून ठेवून घेतले तर प्रकरण फॉल्स क्लेम्स ॲक्टपर्यंत जातं. हा १८६३ चा कायदा आहे, लिंकनच्या काळातला. म्हणूनच 'दोन सारख्या लाइन दिसल्या की दुसरीला आपोआप ९१' असा नियम स्क्रबरमध्ये (क्लेम जाण्याआधी तपासणारं सॉफ्टवेअर) टाकू नका, कोणी कितीही हुशारी म्हणून सुचवला तरी. आमच्याकडे तो टाकलेला होता. कोणी आणि कधी, ते कळलं नाही. आम्ही तो बदलून घेतला: दोन सारख्या लाइन आल्या की क्लेम थांबतो आणि कोडरच्या रांगेत येतो.

क्लायंटला मेल लिहिताना 'तुमचा इंटरफेस चुकतोय' असं लिहू नका, ते तिकडच्या आयटीकडे जातं आणि तिथेच राहतं. आम्ही तीन उदाहरणं दिली, प्रत्येकात कलेक्शनची वेळ, रद्द केल्याची वेळ आणि तरीही गेलेला चार्ज. मागण्या दोनच होत्या. नमुना रद्द झाला की चार्जही रद्द व्हावा, आणि रोजच्या चार्ज रिपोर्टमध्ये कलेक्शन टाइमचा एक कॉलम वाढवावा. दुसरी मागणी चार दिवसांत मिळाली. पहिलीला पुढची तिमाही लागली, तोवर रद्द नमुन्यांची यादी रोज हातानेच बघत होतो.

कॉलम आल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा डिनायल वाढली. शोधलं तर नव्या बॅचच्या एका मुलीने सगळ्या वेळा मनापासून भारतीय वेळेत करून घेतल्या होत्या. ११:४० ची रात्र तिच्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती आणि सकाळी अकरा नि संध्याकाळी पाचचे दोन नमुने वेगवेगळ्या तारखांना गेले होते. आता त्या कॉलमच्या डोक्यावर पिवळ्या रंगात लिहिलंय: टेक्सासची वेळ, हात लावू नये.